डीलिया लिंडक्विस्टचा कडक ॲप्रन

व्हरमाँट रस्ता ओलांडला तेव्हा मी तिला तिसऱ्यांदा म्हटलं, "डीलिया, पुढच्या थांब्यावर गाडीत बसू या. माझ्या टाचेला फोड आलाय."

"मग तू जा गाडीने. मी चालते."

"अजून अडीच मैल आहेत."

"मोजलेस वाटतं?"

"मोजायला कशाला हवेत? टाच सांगतेय."

ती हसली, पण थांबली नाही. डीलिया चालायची ती हातात भरलेलं ताट असल्यासारखी, खांदे न हलवता. त्या दिवशी मात्र एका हाताने तिने पिशवीचं तोंड घट्ट आवळून धरलं होतं.

शनिवार होता. दुपारी दोनला स्टुडिओ सुटला आणि आम्ही नेहमीसारख्या ट्राममध्ये चढलो. मागच्या बाकावर शिवणखात्यातली फ्लोरा बसली होती, तिच्या दोन मैत्रिणींबरोबर. डीलियाला पाहताच ती ओरडली, "अगं सरका, सरका! बोस्टनच्या सूनबाईंना जागा द्या! पाय पुसून घ्या गं, गालिचा खराब होईल त्यांचा!"

सगळी गाडी हसली. एरवी डीलियाने असलं उत्तर दिलं असतं की फ्लोराला उतरून जावं लागलं असतं. त्या दिवशी तिने घंटेची दोरी ओढली आणि वेस्टर्नच्या नाक्यावर स्वतःच उतरली. मी तिच्या मागे उतरले. थोडं चालल्यावर, एका पेट्रोल पंपाच्या सावलीत तिने पिशवीतला छापील कागद काढून माझ्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशीच्या, रविवारच्या पुरवणीचं ते पान होतं. वर मोठा फोटो. आमच्या नव्या बोलपटाची नायिका मोलकरणीच्या वेषात, आणि तिच्या शेजारी डीलिया, पांढरा ॲप्रन उंच धरून. खाली जाड अक्षरांत मथळा: "कोट्यधीशाने जिला सोडलं, तिचं हृदय अजून बोस्टनच्या त्या जेवणघरातच!"

"हे तू म्हणालीस?" मी विचारलं.

"मी असली वाक्यं बोलते का कधी?"

"आर्विदला माहीत आहे?"

आर्विद म्हणजे तिचा नवरा. आमच्याच स्टुडिओत सुतार. तीन आठवडे तो मोहावेच्या वाळवंटात एका चित्रपटासाठी खोटं गाव उभं करत होता, आणि त्याच संध्याकाळी सहाला सगळ्या सुतारांना घेऊन ट्रक परत येणार होता. रविवारी सकाळी कॉफी झाली की आर्विद वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचा. जाहिरातीसुद्धा.

"नाही," डीलिया म्हणाली. "त्याला यातलं काहीच माहीत नाही. एकवीस वर्षं झाली."

आता डीलिया कोण, ते मला सांगायला हवं, नाहीतर पुढचं नुसतं वर्तमानपत्रासारखं वाटेल.

ती आयर्लंडमधल्या रॉसकॉमनची. बापाची थोडी जमीन, नऊ भावंडं. सोळाव्या वर्षी तिला बोटीत बसवून बोस्टनला पाठवलं. तिथे आत्या मोठ्या घरांत स्वयंपाक करायची. पहिली तीन वर्षं डीलिया भांडी आणि चुली घासत होती. मग एका मोठ्या घराण्यात तिला जेवणघरात वाढायला घेतलं. त्या घरात वाढणाऱ्या मुलीला 'ॲनी' म्हणायची पद्धत होती. पूर्वी कधीतरी एक ॲनी होती, आणि नवीन नाव शिकायचा त्रास मालकिणीला नको होता. म्हणून डीलिया पाच वर्षं ॲनी होती. तिच्या आधीच्या मुलीचं खरं नाव होतं हनोरा. तीही ॲनीच.

ही गोष्ट डीलिया आम्हाला हसत सांगायची. "पगार एकीचा आणि नावं दोन," असं म्हणायची. पण त्या घरातून ती का निघाली हे कधी सांगितलं नव्हतं. विचारलं तर एकच उत्तर, "थंडी सोसेना."

कॅलिफोर्नियात आल्यावर वर्षभरात तिने आर्विदशी लग्न केलं. तो स्वीडनचा, लूथरन, बोलायला आखडता. ही कॅथलिक आणि बोलभांड. लोक म्हणाले, टिकायचं नाही. टिकलं. मूल झालं नाही. एको पार्कच्या टेकडीवर आर्विदने स्वतः बांधलेलं लाकडी घर आहे. शुक्रवारी ही मासे शिजवते आणि तो खारवलेल्या हेरिंग माशांचा डबा उघडतो, आणि दोघंही एकमेकांच्या ताटाकडे बघून नाक मुरडतात.

स्टुडिओच्या धुलाईखात्यात माझं टेबल तिच्या टेबलाला लागून. मी नगरहून एका मिशनरी कुटुंबाची मुलं सांभाळायला आले ती इथेच राहिले, आणि इस्त्री मला आईने शिकवलेली होती, म्हणून हे काम मिळालं. पण खळ करावी ती डीलियानेच. मक्याचं पीठ थंड पाण्यात कालवायची, उकळत्या पाण्यात सोडून ढवळत राहायची, काचेसारखं दिसू लागलं की चिमूटभर नीळ आणि मेणबत्तीचा एवढासा तुकडा. मग फडक्यातून गाळायची. कपडा बुडवून, पिळून, ओल्या टॉवेलात गुंडाळून रात्रभर ठेवायची. सकाळी इस्त्री. तिचा ॲप्रन टेबलावर उभा केला तर उभा राहायचा. आम्ही त्याला नमस्कार करायचो.

मग बोलपट आले.

मुक्या चित्रांत कपडा कितीही वाजला तरी कुणाचं काही जात नव्हतं. आता सेटवर फुलदाणीत, पडद्यामागे, दिव्याच्या शेडमध्ये मायक्रोफोन लपवलेले असत, आणि काचेच्या खोलीत कानांवर यंत्र लावून ध्वनियंत्रणेचे मिस्टर प्रूइट बसलेले असत. रेशीम वाजतं म्हणून रेशीम गेलं. मण्यांच्या माळा गेल्या. बुटांच्या तळव्यांना आम्ही लोकरीचे तुकडे चिकटवले. शेवटी खळीवर आलं. खालच्या सेटवरून चिठ्ठी यायची: मऊ करा, अजून मऊ करा. डीलियाचं मोठं पातेलं आठवडा आठवडा पालथं पडून राहू लागलं. "मायक्रोफोनला कॉलर चालत नाही," ती म्हणायची. "नशीब, माणसं अजून चालतात."

हा बोलपट होता श्रीमंत घरातला मुलगा आणि घरात वाढणारी मुलगी यांच्या प्रेमाचा. त्या वर्षी सगळेच स्टुडिओ तसलेच काढत होते. दिग्दर्शक मिस्टर कॅसवेल. जाडजूड माणूस, पोटाच्या दुखण्यामुळे सतत दूध प्यायचे आणि चिडायचे. एका मंगळवारी सकाळी खालून निरोप आला, ॲप्रन घेऊन या, गडबड आहे. डीलिया निघाली, जास्तीचे दोन ॲप्रन घेऊन मी मागे.

जेवणघराचा सेट होता. लांब टेबल, बारा माणसं, मेणबत्त्या. प्रसंग असा की जेवता जेवता बाप उठतो आणि मुलाचा दुसऱ्याच एका मुलीशी साखरपुडा ठरल्याचं जाहीर करतो. वाढणाऱ्या मुलीच्या हातातलं तबक पडतं, काचा फुटतात, मुलगा दचकून वर बघतो, आणि सगळ्यांना सगळं कळतं. सकाळपासून त्यांनी अठरा पेले फोडले होते. प्रत्येक वेळी यंत्रात बंदूक उडाल्यासारखा आवाज यायचा. आणि पेले फुटायच्या आधी दुसराच एक आवाज.

प्रूइट काचेच्या खोलीतून बाहेर आले. "हा ॲप्रन कुणी केला? ही बाई श्वास घेते तर माझ्या कानात रान पेटतं!"

"मी केला," डीलिया म्हणाली. त्या चित्रासाठी तिने कुणाला न विचारता पातेलं पुन्हा चुलीवर चढवलं होतं. जेवणघर बोस्टनचं आहे एवढं कळल्यावर तिला राहवलं नव्हतं.

"धुऊन आणा. फडक्यासारखा मऊ पाहिजे."

"फडकं नेसून बोस्टनच्या जेवणघरात मुलगी गेली, तर सूप यायच्या आत तिचं बोचकं दाराबाहेर जाईल."

"बाई, प्रेक्षक काय बोस्टनचे आहेत?"

"नसतील. पण मोलकरणी गावोगाव आहेत, साहेब. गुरुवारी दुपारी सुटी मिळाली की त्याच तुमचं तिकीट काढतात."

दिवे सांभाळणारी माणसं हसली. मिस्टर कॅसवेलही हसले. दुधाचा पेला हातात घेऊन ते म्हणाले, "बोला मिसेस लिंडक्विस्ट, अजून काय काय चुकलंय आमचं?"

ते थट्टेत विचारत होते. 'काही नाही, साहेब' म्हणायचं आणि निघायचं. नऊ वर्षं आम्ही सगळ्या हेच म्हणत आलो होतो. डीलिया म्हणाली, "तबक पडणार नाही."

"का नाही पडणार?"

"पाडत नाही कुणी."

"अहो, तिचं काळीज फाटलंय!"

"काळीज तिचं आहे, साहेब. हात घराचे आहेत. त्यांचा पगार मिळतो. काळीज फाटलं म्हणून हात सुटत नाहीत."

हसणं थांबलं. कॅसवेल म्हणाले, "मग काय होतं?"

"काही होत नाही. मालक बोलून खाली बसतात. सगळे टाळ्या वाजवतात. हिच्या हातात सॉसचं भांडं आहे, आणि पाळी त्याचीच आहे. ती त्याच्या डाव्या खांद्याशी वाकते. तो सॉस घेतो. दोन चमचे. नेहमी दोनच घेतो."

"तो घेतो?"

"घेतो. नाही घेतला तर आई विचारेल ना, का घेतला नाहीस म्हणून. घेतो आणि भांड्याकडेच बघतो. मग ती पुढच्या खुर्चीकडे जाते." ती प्रूइटकडे वळली. "आणि तुम्हाला जो आवाज नको आहे ना, तेवढा एकच तिला ऐकू येतो. श्वास दाबून धरला की छातीवरची खळ जास्तच वाजते. तिला वाटतं, टेबलावरच्या सगळ्यांना ऐकू जातंय. मान वर करून कुणी बघेल. पण कुणी बघत नाही. ऐकूच गेलेलं नसतं कुणाला."

कॅसवेलनी दुधाचा पेला खाली ठेवला. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? मी होते तिथे."

ती हे मोठ्याने बोलली. चाळीसेक माणसं उभी होती.

पुढचं मी थोडक्यात सांगते. पेले टोपलीत गेले. प्रूइटनी कपाळाला हात लावला, पण मायक्रोफोन ओढून त्या मुलीच्या छातीजवळ आणला. दुपारी तो प्रसंग चित्रित झाला, दोन चमच्यांसकट. पुढे मी तो बोलपट थिएटरात पाहिला. टाळ्या थांबतात, आणि मग त्या शांततेत तो खळीचा बारीक करकर आवाज येतो, श्वासागणिक. माझ्या शेजारी एक अनोळखी बाई बसली होती. तिने स्वतःचा श्वास धरून ठेवलेला मला कळला.

पण त्या मंगळवारी दाराशी जाहिरातखात्याचे लेस्टर पिम उभे होते. केस तेलाने चापून बसवलेले, खिशात तीन पेन्सिली. त्यांनी डीलियाला बाजूला घेतलं. नाव विचारलं त्या माणसाचं. तिने सांगितलं नाही. किती वर्षं झाली? बावीस. लग्नाचं विचारलं होतं का त्याने? हो. अजून आठवण येते?

"ती सॉसची वाटी आठवते," डीलिया म्हणाली होती. पिमनी त्याचं काय केलं ते आपण वर वाचलंच आहे.

तिला वाटलं, स्टुडिओच्या भिंतीवर लावायला काहीतरी लिहीत असतील. शनिवारी सकाळी त्यांनीच कौतुकाने छापलेलं पान आणून दिलं. ती त्यांच्यामागे धावली. पिम म्हणाले, "आता काय करू मी? रविवारची पुरवणी तीन दिवस आधी छापून तयार असते. गठ्ठे बांधून झाले. आणि बाई, तुम्ही प्रसिद्ध होणार, रडता कसल्या!"

"मी रडत नाहीये. चूक दुरुस्त करा म्हणतेय."

"चूक कुठली?"

"हृदय."

ते हसून निघून गेले.

सनसेट रस्त्याच्या कडेने आम्ही चाललो होतो. उन्हं उतरायला लागली होती. मी विचारलं, "तुला त्याने खरंच लग्नाचं विचारलं होतं?"

"दोन वर्षं विचारत होता. मी चांदी घासायला बसले की कोठीच्या खोलीत यायचा. पहिल्यांदा आला तेव्हा विचारलं, तुझं खरं नाव काय? त्या घरात कुणी विचारलं नव्हतं. एवढ्यावर मी भाळले, मूर्ख. एकोणीस-वीस वर्षांची पोर, तिला नाव विचारलं की पुरतं."

"आणि साखरपुड्यानंतर?"

"नंतर कसलं? दुसऱ्या दिवशी कोठीत आला नाही. तिसऱ्या दिवशी मी काम सोडायची नोटीस दिली. मालकीणबाई म्हणाल्या, काय हे ॲनी, लग्नाच्या गडबडीतच जातेस!" हे तिने मालकिणीच्या बारीक आवाजात म्हणून दाखवलं. मला हसू आलं, आणि मग वाईट वाटलं हसल्याचं.

"आर्विदला का सांगितलं नाहीस?"

"त्याने विचारलं होतं. तेच तर!" ती थांबली. बाजूच्या कुंपणाला टेकून तिने एक बूट काढला, खडा झटकला, पुन्हा घातला. "लग्नाआधी आम्ही समुद्रावर गेलो होतो. बाकावर बसून त्याने मला त्याच्या गावच्या एका मुलीचं सांगितलं. इंगेबोर्ग. तिने बंदरावरच्या कारकुनाशी लग्न केलं. सगळं सरळ सांगितलं, काही लपवलं नाही. डोळे पुसले. मग म्हणाला, तुझं कुणी होतं का, डीलिया? असलं तरी चालेल, फक्त सांग. आणि मी म्हटलं, नाही."

"का पण?"

"त्याच्या हातांकडे बघितलं. अंगठ्यात लाकडाचं कुसळ घुसलेलं होतं, नख काळं. मला वाटलं, सांगितलं तर हा आयुष्यभर समजेल, मोठ्या घरातला मिळाला नाही म्हणून हिने सुतार घेतला."

मी जरा विचार केला, पण विचारलंच. "तसं होतं का?"

एक म्हातारा रस्त्याच्या कडेला संत्री विकत होता, त्याच्याकडे बघत ती चालली. मग म्हणाली, "पहिल्या वर्षी होतं."

"आणि मग?"

"मग एकदा मी कामावरून आले तर घरातलं इस्त्रीचं टेबल चार बोटं उंच झालेलं. पायांना खाली ठोकळे बसवून, रंग देऊन, पुन्हा जागेवर. माझी कंबर दुखते हे मी कुणाला बोलले नव्हते. त्याने कधी बघितलं कोण जाणे. विचारलं तर म्हणाला, लाकूड उरलं होतं. त्या दिवसापासून नव्हतं. देवाशपथ नव्हतं. आता त्या बोस्टनवाल्याचा चेहरा आठव म्हटलं तर कान तेवढे आठवतात."

"मग हेच सांग ना त्याला."

"आणि उद्या पेपरात उलटं येणार, त्याचं काय? तो बघेल, की माझी बायको एकवीस वर्षं खोटं बोलली. आणि जे खोटं तो धरून बसेल असं मला तेव्हा वाटलं होतं, नेमकं तेच मोठ्या अक्षरांत. फोटोसकट."

"पेपर घेऊच नको उद्या. पळवून टाक."

"आणि सोमवारी सुतारखात्यात? फ्लोरासारख्या तिकडे बारा आहेत, फक्त मिश्या असलेल्या. दुपारपर्यंत तो 'कोट्यधीशाने टाकलेलीचा नवरा' होईल."

ते खरं होतं. मी म्हटलं, "फादरना सांगून बघितलंस? ते आर्विदशी बोलतील."

ती चक्क हसली. "फादरना मी तेव्हाच सांगितलं, लग्नाच्या आठवड्यात. त्यांनी दहा जपमाळा सांगितल्या आणि पाप धुतलं गेलं. देवाला माहीत आहे, मेरीमातेला माहीत आहे. आर्विद सोडून सगळ्या स्वर्गाला माहीत आहे. आणि उद्यापासून लॉस एंजेलिसला. तुम्हा प्रोटेस्टंटांचं बरं असतं. तुम्ही सरळ देवाच्या कानात सांगता, मध्ये कुणी नाही."

"आमचंही तसंच आहे," मी म्हटलं. "देव ऐकून घेतो. ज्याच्याशी खोटं बोललो त्याला आपल्यालाच सांगावं लागतं. ते काम तो करत नाही."

"आळशी आहे तुझा देव."

"तुझाही तोच आहे."

मनात मी प्रार्थना करत होते, पण काय मागावं ते मला समजत नव्हतं. तिची लाज राहू दे म्हणावं, तर आर्विदचा हक्क जातो. आर्विदला कळू दे म्हणावं, तर ते त्याला पेपरातून कळायला नको होतं. शेवटी एवढंच म्हटलं, प्रभू, ट्रकला उशीर होऊ दे, तिला शब्द जुळवायला वेळ मिळू दे.

मग ती म्हणाली, "आज सांगते. आजच, पेपरच्या आधी. माझ्या तोंडून कळलं तर निदान पहिलं वाक्य तरी माझं असेल. मग उद्या तो पिमचं वाचेल तेव्हा म्हणेल, हा गाढव आहे. किंवा म्हणेल, बरोबर लिहिलंय. पण मला विचारून तरी म्हणेल."

"काय सांगशील?"

"ते टेबलाचं सांगेन आधी. नाही, आधी 'नाही' म्हटलेलं सांगेन. ते आधी यायला हवं, नाहीतर टेबल म्हणजे लाच दिल्यासारखं होईल."

एवढं ठरल्यावर तिचा वेग वाढला. माझी टाच जळत होती. एको पार्कच्या तळ्याशी वळून आम्ही टेकडीच्या पायऱ्यांशी आलो. लाकडी पायऱ्या, नव्वदच्या वर. खालूनच मला दिसलं की माझी प्रार्थना ऐकली गेली नव्हती. ट्रक लवकर आला होता. वर ओसरीच्या पायरीवर आर्विद बसला होता, बूट काढून उलटे करत होता, आणि बुटातून वाळवंटाची वाळू फुलझाडांवर पडत होती. त्याने आम्हाला पाहिलं आणि बूट धरलेला हात वर केला.

डीलियानेही हात वर केला. पण पायरीवर पाय ठेवला नाही. माझ्या बाहीला धरून तिने मला एका झाडाच्या आड ओढलं.

"तू वर चल."

"मी कशाला? हे तुमच्या दोघांतलं आहे."

"ऐक. या एकवीस वर्षांत मी सात-आठ वेळा सांगायला बसले. खोटं नाही बोलत. त्याच्यासमोर बसले, तोंड उघडलं. आणि प्रत्येक वेळी उठले. कॉफी आणायला, पाव कापायला, खिडकी लावायला. तोंडाशी आलं की माझे पाय उठतात. पाच वर्षांची सवय आहे त्यांना, टेबलाशी बसायचं नाही, उभं राहायचं. एकदा उठले की संपलं. परत बसते तेव्हा त्याच्या समोर कॉफी असते आणि माझ्या तोंडात दुसरीच काहीतरी गोष्ट."

वरून आर्विदची हाक आली, "काय गं, दमलीस का? येऊ खाली?"

"नको! आले!" ती वर ओरडली, आणि मग हळू आवाजात मला म्हणाली, "तुला काही बोलायचं नाहीये. माझ्या बाजूने नको, त्याच्या बाजूने नको. फोडाला पाणी हवं म्हण, आणि ये. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बस. तो कॉफी मागेल, पाव मागेल, घराला आग लागेल. मी उठायला लागले की माझा स्कर्ट धरून मला खाली बसव. सांगून होईपर्यंत सोडू नकोस. एवढं करशील?"